घास कुठे अडतो? एका तपासणीचा मागोवा

घास छातीत अडकतो, अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात जातो. दुर्बिणीतून तपासणी होते. जखम नाही, गाठ नाही, रिपोर्ट नॉर्मल. पित्ताच्या गोळ्या घेऊन तो घरी परततो, घास मात्र अडकतच राहतो. अन्ननलिका आतून पाहणे वेगळे आणि तिची हालचाल मोजणे वेगळे, हे वैद्यकाला पुरते उमगायला फार काळ लागला.

१६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रुग्णाची हकिकत लिहून ठेवली. अन्न पोटात उतरत नसल्याने तो उपाशी मरायच्या बेतात होता. विलिसने देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंजचा बोळा बांधून दिला. त्या काडीने घास खाली लोटत तो माणूस पुढे वर्षानुवर्षे जगला. इलाज सापडला होता, कारण सापडायचे होते.

१८९६ च्या अखेरीस, एक्स-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झाले असताना, हार्वर्डमधील विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन त्याचा प्रवास या किरणांखाली पाहायला सुरुवात केली. मांजर घाबरले, चिडले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हेही त्याच्या लक्षात आले. मन आणि पोट यांचे नाते पडद्यावर दिसू लागले होते.

१९१३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे घट्ट स्नायू चिरून वाट मोकळी केली. या आजाराला पुढे ‘ॲकलेशिया’, म्हणजे सैल न होणे, हे नाव रूढ झाले. अन्ननलिकेच्या भिंतीतील चेतापेशी नष्ट होतात. मग घास पुढे ढकलणारी लाट उठत नाही आणि खालची झडप उघडत नाही.

ही झडप शवविच्छेदनात वेगळी ओळखू येत नसे. १९५६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स कोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला दाब मोजला आणि झडपेचे अस्तित्व आलेखावर उमटले. डोळ्यांना जे दिसले नाही, ते मोजमापाने दाखवले.

नव्वदच्या दशकात सेंट लुईसच्या रे क्लाउस यांनी दाबाच्या नोंदींचा रंगीत नकाशा केला. २००८ मध्ये शिकागोतील पँडोल्फिनो, काहरिलास आदींनी त्या नकाशावरून ॲकलेशियाचे तीन प्रकार वेगळे केले. पुढे आलेल्या ‘शिकागो वर्गीकरणा’ची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २००८ मध्येच जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी पोटावर छेद न घेता, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने अन्ननलिकेचे ते घट्ट स्नायू कापण्याची पद्धत माणसावर प्रथम वापरली. प्रकार कोणता हे कळल्यामुळे स्नायू किती लांबीपर्यंत कापायचा, हेही नेमके ठरवता येऊ लागले.

आज दाब मोजण्याच्या या तपासणीत, म्हणजे ‘मॅनोमेट्री’त, नाकावाटे एक बारीक नळी घालतात. नेहमीच्या नळीवर एकेक सेंटिमीटरवर ३६ संवेदक असतात. रुग्ण जागाच असतो; त्याला पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे घोट गिळायला सांगतात. थोडी मळमळ होते, डोळ्यांत पाणी येते, पण काम बहुधा अर्ध्या तासात आटोपते. या अर्ध्या तासाअभावी कित्येकांची वर्षे ‘ॲसिडिटी’ किंवा ‘टेन्शन’च्या नावाखाली वाया गेली आहेत. अन्ननलिकेत साचलेले अन्न आंबूनही जळजळ होते. तिला पित्त समजण्याची चूक सहज घडते.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी आता होते. घन पदार्थाबरोबर पाणीही अडत असेल, रात्री झोपेत अन्न उलटून येत असेल, वजन उतरत असेल, तर कर्करोग नाही याची खात्री करण्यासाठी आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका. ‘मॅनोमेट्री करायची का?’ एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.