रायपूरच्या उन्हात जपानी राजकन्येचा झगा

जपानी चित्रकथांतील पात्रांचा वेश धारण करण्याच्या छंदास 'कॉस्प्ले' असे नाव आहे. पोशाख आणि खेळ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांतून तयार झालेली ही संज्ञा नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली 'माय ॲनिमे' या जपानी मासिकातील लेखात वापरली. जपानी चित्रकथांत राजकन्या जुन्याच आहेत. ओसामु तेझुका यांची 'रिबन नो किशी' १९५३ सालची. भारतात २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी सुरू झाली आणि २०११ पासून कॉमिक कॉनचे मेळावे भरू लागले. तेव्हापासून हा छंद येथेही रुजला.

छत्तीसगडच्या राजधानीत असा झगा घरी शिवू पाहणाऱ्या मुलीस पंडरीच्या कापड बाजारात बहुतेक साहित्य मिळते. घेरदार घागऱ्याखाली लावली जाणारी कॅन-कॅनची जाळी तर लग्नसराईमुळे सर्वपरिचित आहे. अडचण असते ती हिशेबाची आणि उन्हाची.

झग्याचा वरचा भाग वाटतो तितका परका नाही. आपल्याकडील शिंपी ब्लाउजसाठी ज्यास 'प्रिन्सेस कट' म्हणतात, तोच येथे उपयोगी पडतो. टक्स न घेता उभ्या जोडांतून अंगाचा आकार साधण्याच्या या पद्धतीचे श्रेय चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांना दिले जाते व ती १८७०च्या दशकातील मानली जाते. महाग सॅटिनला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर बेतून पाहावा, हे उत्तम. नवख्या हातांचे नुकसान बहुधा याच टप्प्यावर टळते.

घेराचे गणित सोपे आहे. कंबर ७० सेंटिमीटर असल्यास तिला ६.२८ने भागावे, सुमारे ११ सेंटिमीटर त्रिज्या येते. ही शिलाईची रेषा होय. कापताना १ सेंटिमीटर आत घ्यावे. ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडावर १११ सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे बसतात. त्यासाठी सुमारे साडेचार मीटर कापड लागते आणि शिलाई व दुमड वजा जाता साधारण ९८ सेंटिमीटर लांबीचा घागरा तयार होतो. खालचा घेर मात्र तब्बल ७ मीटरांचा असतो. हाताने दुमड घालणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. वर्तुळाचा काही भाग उरेब येत असल्याने तो स्वतःच्या वजनाने लोंबतो. म्हणून कमरपट्टी जोडल्यावर घागरा एक दिवस टांगून ठेवावा आणि मगच खालची कडा सारखी करावी. घाई केल्यास झगा एका बाजूने जमिनीस टेकतो व दुसरीकडे पाय दिसतात.

रायपूरला उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. पॉलिएस्टर सॅटिन चमकते, परंतु घाम शोषत नाही. त्याखाली जाळीचे थर आले की भोवळ येण्याचा धोका असतो. अस्तर सुती घ्यावे, जाळी कमरेपासून वीतभर खाली सुरू करावी आणि पाठीस साखळीऐवजी दोरी ओवावी. गरज पडल्यास ती तत्काळ सैल करता येते.

चांप्याच्या कोशाला २०१० च्या सुमारास भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्याचा झगा शिवावा असा मोह अनेकांस होतो. तथापि ते कापड महाग असून त्याचा नैसर्गिक रंग मधासारखा. शुभ्र झग्यास तो साजत नाही. पदर वा पट्ट्यांपुरता घेतल्यास मात्र शोभा येते.

मुंबईच्या मेळाव्यास जायचे तर हावडा-मुंबई मार्गावरील आगगाडीचा डबा आलाच. घागऱ्यास आधार देणारे पोलादी पट्टीचे कडे शिवून टाकू नये. कापडी नळीत ओवून शेवट मोकळे ठेवल्यास ते काढून गुंडाळता येते आणि झगा एका पिशवीत मावतो.