सिंधुदुर्ग ते विजयदुर्ग: अंतर किती, मध्य कुठे?

दहावीच्या निर्देशक भूमितीत अंतराचं आणि मध्यबिंदूचं अशी दोन सूत्रं मुलं पाठ करतात. ती मुळातून समजून घ्यायची तर आपला किनाराच समोर ठेवावा.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. तिथून उत्तरेला, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. या दोन किल्ल्यांना जोडणारा सरळ रेषाखंड मनात धरा. रस्ता नको, तो खाड्या ओलांडत, वळणं घेत जातो.

रेखांश हा आपला एक्स, अक्षांश हा वाय. सिंधुदुर्ग साधारण (७३.४६, १६.०४) आणि विजयदुर्ग (७३.३३, १६.५६). सिंधुदुर्गाहून आधी सरळ उत्तरेला विजयदुर्गाच्या अक्षांशापर्यंत जा, मग काटकोनात पश्चिमेला वळा. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजेच आपला रेषाखंड. अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसच, दुसरं काही नाही.

पण इथे एक खाच आहे. अक्षांशांतला फरक ०.५२ अंश आणि रेखांशांतला ०.१३ अंश, तरी दोन्हीकडचा अंश सारख्या लांबीचा नाही. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो, रेखांशाचा सुमारे १०७. कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात. लंडनच्या अक्षांशावर तर तो जेमतेम ६९ उरतो. म्हणून आधी किलोमीटर करायचे: उत्तरेकडे ५७.५, पश्चिमेकडे १३.९. वर्ग ३३०६ आणि १९३, बेरीज ३४९९, वर्गमूळ सुमारे ५९. दोन किल्ल्यांमधलं सरळ अंतर ५९ किलोमीटरच्या आसपास आहे.

मध्यबिंदूला मात्र ही खटपट लागत नाही, आणि मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. कर्णाचा मध्य उत्तरेकडच्या वाटेचाही निम्मा टप्पा गाठतो आणि पश्चिमेकडच्याही. प्रत्येक दिशा आपापली निम्मी होते, मग एका दिशेचं माप दुसरीपेक्षा वेगळं असलं तरी बिघडत नाही. अंशांचीच सरासरी काढा: ७३.४६ आणि ७३.३३ यांची ७३.३९५, १६.०४ आणि १६.५६ यांची १६.३०. हा बिंदू कुणकेश्वराच्या दक्षिणेला, मिठबावच्या बाजूला पडतो.

इथे बरीच मुलं बेरजेऐवजी वजाबाकी करून निम्मं करतात. त्यातून ०.२६ मिळतं. तो मध्यबिंदूचा निर्देशक नव्हे, सिंधुदुर्गापासून उत्तरेला किती सरकायचं तेवढंच ते सांगतं. १६.०४ मध्ये ते मिळवलं की १६.३० येतंच. विजयदुर्ग पश्चिमेला आहे, म्हणून रेखांशातून ०.०६५ वजा करावे लागतात.

ताळा सोपा आहे. मध्यबिंदूपासून दोन्ही किल्ल्यांचं अंतर काढा, प्रत्येकी साडेएकोणतीसच्या जवळपास यायला हवं. शिक्षकांना विनंती एवढीच, की मुलांना पुढचं उदाहरण आपापल्या गावच्या दोन ठिकाणांचं द्या आणि निर्देशक त्यांनाच नकाशावरून शोधू द्या.