बाभळीला पुरून उरणारी कुऱ्हाड

सोयाबीन घरात आलं आणि तूर फुलावर आली, की आमच्या बीबी गावाच्या शिवारात रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, धास्ती सुरू होते. कळप शिरला तर तासच्या तास झोपवून जातो. तारेचं कुंपण आलं, झटका मशीन आलं; तरी ज्याच्या धुऱ्यावर बाभळी आहेत तो अजून काट्याची कुपाटी घालतो. फांद्या तोडायच्या, बुंधे शेताच्या आत आणि काटे बाहेर अशा रचायच्या, बेचक्याने दाबायच्या, वर दगड ठेवायचे. काम साधं दिसतं, पण हत्यार चुकलं तर दुपारपर्यंत मनगट उतरतं.

माझं चुकलं होतं. तालुक्याच्या एका दुकानातून चकचकीत कोयता आणला. डहाळ्यांवर छान चालला. मनगटाएवढ्या बाभळीच्या गाठीवर दोन घाव घातले आणि धार कागदासारखी दुमडली. लोखंडावर पॉलिश होतं, पाणी नव्हतं.

हे पाणी म्हणजे लोहाराची खरी विद्या. बीबी मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावर आहे. या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा हे आजच्या लोहाराचं आवडतं पोलाद, कारण त्यात कार्बन बेताचा असतो: कडकपणाही येतो आणि लवचीकपणाही टिकतो. पाटा लालबुंद तापवून घडवतात. मग पातं पुन्हा तापवून फक्त धारेचा भाग पाण्यात बुडवतात. तो काचेसारखा कडक होतो, तसाच वापरला तर टवके उडतील. म्हणून मागच्या अंगात राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे येऊ देतात. घासून उजळ केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत येतो. तपकिरी सरून जांभळा लागतो तेव्हा तापमान साधारण 270 ते 280 अंश असतं. कुऱ्हाडीसाठी तिथेच थांबवून पुन्हा पाण्यात. त्यापुढचा निळा धारेपर्यंत आला की धार मऊ पडली. हे सगळं दोन-चार श्वासांत घडतं, आणि लोहार त्या वेळी कुणाशी बोलत नाही.

फिरते घिसाडी येतात तेव्हाही हेच पाहायला मिळतं. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोड्याने जागा दाखवतो, आणि बायको उभी राहून घण घालते. तिच्या घावाचा नेम पाहिला की हत्याराची किंमत कमी करायला सांगायचं धाडस होऊ नये.

निवड करताना मी आता धारेवर बारीक कानस फिरवतो. ती निसटली तर पाणी जास्त, खोल चावली तर कमी. जेमतेम धरली पाहिजे. मग एक डोळा मिटून धारेवरून दांड्याच्या भोकाकडे बघतो. दोन्ही एका रेषेत नसतील तर घाव कायम तिरपा जाणार. काम कोणतं तेही आधी ठरवावं. फांद्या छाटायला पातळ पात्याची हलकी कुऱ्हाड. ओंडके फोडायला जाड पाठीची, वजनदार तुंब्याची. खुंट्या तासायला सुताराचा वाकस. वेड्या बाभळीला मात्र कुऱ्हाड पुरत नाही. अमेरिकेतून आलेलं हे झाड बुंध्यातून पुन्हा अनेक फुटव्यांनी उठतं. लोणार सरोवराच्या काठावर तिने जे रान माजवलं ते याच गुणामुळे. तिथे कुदळ हवी, मुळासकट.

झाडाप्रमाणे हत्यार निवडायची ही गोष्ट फक्त आमचीच नाही. इंग्लंडमध्ये जिवंत झुडपांचं कुंपण घालतात. खोड बुंध्याशी जवळजवळ पूर्ण कापून आडवं वाकवतात, आणि ज्या कोयत्याने हे करतात त्याची घडण प्रांताप्रांतात वेगळी. झाड बदललं की पातं बदलतं. आमच्याकडे सागरगोटीची जिवंत कुपाटीही घालतात. ती छाटायला आखूड कुऱ्हाड नेणारा काट्यांत हात फाडून घेतो. तिथे लांब दांड्याला बांधलेली आकडी आणि कोयताच हवा.

दांडा विकतचा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. धावडा उत्तम, पण धुऱ्यावरची बाभूळही कमी नाही. लाकूड करवतीने कापू नये, पाचर मारून फोडावं, म्हणजे रेघा शेवटपर्यंत सलग राहतात. त्या रेघा पात्याच्या दिशेने बसल्या पाहिजेत. आडव्या बसल्या तर दांडा नेमका जोराच्या घावाला मोडतो. आणि तो सावलीत वाळलेला हवा. ओला ठोकला तर वाळून ढिला होतो. मग लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. दांडा फुगून घट्ट बसतो, पण उन्हात वाळला की पहिल्यापेक्षा सैल होतो. सुटलेलं पातं कुणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही.

पूर्वी लोहार बलुतेदार होता. वर्षभर विळे-कुऱ्हाडी शेवटून द्यायचा, सुगीला धान्य न्यायचा. त्यामुळे कुणाच्या धुऱ्यावर कसलं झाड आहे हे त्याला ठाऊक असे. आता रोख पैसे आणि अनोळखी गिऱ्हाईक. म्हणून या वेळी मी लोहाराकडे जाताना बाभळीचं एक गाठीचं लाकूड सोबत नेलं. त्याने ते हातात फिरवलं, अंगठ्याने गाठ दाबून पाहिली, आणि भात्यात हवा भरायच्या आधी पाट्यांच्या ढिगातला पहिला उचललेला तुकडा परत ठेवून दुसरा काढला.