लांबत चाललेला उपास

कॅनडातल्या चर्चिल गावाजवळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी टुंड्रा बग्गीच्या खिडकीतून एका नर ध्रुवीय अस्वलाकडे पाहत होतो. हडसन उपसागराच्या काठावर नुकतीच बर्फाची साय धरली होती. त्यानं पुढचा पंजा टेकवला, हळूहळू भार दिला. बर्फ लवला, कडेनं पाणी वर आलं. पाय मागे घेऊन तो थोडा बाजूला गेला आणि पुन्हा तेच करून पाहिलं. मग झुडपाच्या आडोशाला जो आडवा झाला, तो बराच वेळ हललाच नाही. आळस नव्हे तो. अंगावरची चरबी पुरवून वापरायची, तर पडून राहणंच शहाणपणाचं.

जुलैच्या सुमारास बर्फ फुटला की ही अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि पुन्हा बर्फ धरेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात. दिवसाला साधारण एक किलो वजन उतरतं. उघड्या पाण्यात सील त्यांच्या हाती सहसा लागत नाही. ती पकडायची तर बहुतेकदा बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी दबा धरून. त्यातही खरी सुगी वसंतात, सीलची गुबगुबीत पिल्लं असतात तेव्हा. आता बर्फ लवकर फुटतो, म्हणजे नेमके तेच भरल्या ताटाचे दिवस कमी होतात. 1980 च्या दशकापेक्षा उपास तीन-चार आठवड्यांनी लांबलाय.

‘जमिनीवरचं काहीबाही खातील की,’ असं लोक सहज म्हणतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे होते. त्यांनी बोरांसारखी रानफळं, पक्षी, हाडं, सगळं खाऊन पाहिलं. तीन आठवड्यांत 19 जणांचं वजन घटलंच.

सगळ्यात मोठी झळ आईला. गाभण मादी तर बर्फ धरल्यावरही समुद्रावर जात नाही. बिळातच विते आणि पिल्लं चालती होईपर्यंत, एकूण आठेक महिने अन्नावाचून काढते. चरबी कमी पडली की दूध आटतं. या भागातली अस्वलं 2016 मध्ये अंदाजे 842 होती, 2021 मध्ये 618.

बग्गीजवळून एक मादी गेली, मागे वर्षाचं पिल्लू. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इथली बरीच पिल्लं दीड वर्षात आईपासून सुटी होत. आता बहुतेक अडीच वर्षं तिच्याच मागे असतात, आणि तोवर ती पुन्हा गाभण राहत नाही.