पुण्याभोवतीचे पाणवठे आणि माळ

पुणे परिसरातील पक्षिनिरीक्षणाच्या स्थळांचा आढावा घेऊ लागले की एक विसंगती पुढे येते, ती अशी की, यांतील काही सर्वांत समृद्ध स्थळे पक्ष्यांसाठी म्हणून कोणी राखलेलीच नाहीत. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले ते शेतीच्या पाण्यासाठी. परंतु त्याच्या फुगवट्याने, म्हणजे भिंतीमागे दूरवर साठलेल्या पाण्याने, भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांलगत जी उथळ दलदल निर्माण केली, ती हिवाळी पाहुण्यांना मानवली. येथे हंगाम ठरतो तो पंचांगावरून नव्हे, तर पाण्याच्या पातळीवरून. धरणातून पाणी सुटू लागले, काठचा चिखल उघडा पडला, की रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक पट्टिकांतून ते बाहेर सोडून सूक्ष्म जीव तेवढे गाळून घेतो. हे त्याला पायांना तळ लागेल अशा पाण्यातच विशेष सोयीचे पडते, म्हणून धरण तुडुंब असताना तेथे गेलेल्या निरीक्षकाची बहुधा निराशा होते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस, मात्र काठच्या हिरवळीवर व शेतांतही चरताना आढळतात. कुंभारगावचे मच्छीमार आता हंगामात पर्यटकांसाठी होड्या चालवतात. छायाचित्राच्या हव्यासापायी होडी थव्यात घालायला लावणारी मंडळी कोठेच कमी नसतात, हा भाग वेगळा.

शहराला अधिक जवळ असलेले कवडी येथील मुळा-मुठा नदीचे पात्र शहराच्या सांडपाण्याने काळवंडलेले असूनही तेथे चक्रवाक, शेकाटे आणि तुतारी हिवाळ्यात हजेरी लावतात. सेंद्रिय गाळात पोसलेले किडे-अळ्या त्यांना खाद्य पुरवतात, हे खरे. त्यावरून नदी निरोगी असल्याचा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. खडकाळ माळ, विरळ गवत आणि तुरळक बाभळी एवढेच तेथे दिसत असले, तरी धाविक, चंडोल आणि गवतावरून खालच्या पातळीवर घिरट्या घालणारे भोवत्ये यांना असाच उघडा प्रदेश लागतो. धाविक जमिनीवरच, जवळजवळ काहीही आडोसा न करता, अंडी घालतो आणि आपल्या मातकट रंगावर विसंबतो. अशा माळांना पडीक ठरवून त्यांवर वृक्षारोपण करण्याचा उत्साह सद्हेतूने येत असला, तरी दाट झाडी उभी राहिली की या पक्ष्यांचा अधिवास, म्हणजे अन्न, निवारा व वीण यांसाठी लागणारा भूभाग, नष्ट होतो.

सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीचे गणित याहून निराळे आहे: तेथे उन्हाळ्यात ओढा आटून मोजकी डबकी उरली म्हणजे, एरवी झाडीत पांगलेले स्वर्गीय नर्तकासारखे पक्षी त्या पाण्यावर येतात, आणि स्थिर बसणाऱ्यास भर एप्रिलमध्येही चांगले दर्शन घडते.