मल्टिपल मायलोमावरील तोंडी औषधोपचार : लेनॅलिडोमाइडचे सेवन आणि त्याचे दुष्परिणाम

प्रस्तावना :

कर्करोगावरील औषधोपचार म्हटला की रुग्णालयातील खाट, शिरेतून जाणारे सलाईन आणि भोवती वावरणाऱ्या परिचारिका असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येते. गेल्या दोन दशकांत हे चित्र बऱ्याच अंशी पालटले आहे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात उपचाराचा मोठा भाग आज कॅप्सूलच्या रूपाने रुग्णाच्या घरी पोहोचला आहे. ही सोय मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही घरी येते. रुग्णालयात औषध वेळेवर देणे, त्याची नोंद ठेवणे, ताप मोजणे ही कामे परिचारिका करते. घरी ती रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना करावी लागतात. म्हणून या औषधाचे दुष्परिणाम ओळखणे व ते वेळीच डॉक्टरांच्या कानावर घालणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो. प्रस्तुत लेखात लेनॅलिडोमाइड या औषधाच्या संदर्भात या मुद्द्याचे विवेचन केले आहे. मात्रेविषयीचा प्रत्येक निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच असतो, हे येथे गृहीत धरले आहे.

रोगाचे स्वरूप :

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी शरीराच्या संरक्षणासाठी प्रतिपिंडे तयार करतात. या पेशींपैकी एकीची अनिर्बंध वाढ होऊ लागली की मल्टिपल मायलोमा उद्भवतो. या पेशी एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन मोठ्या प्रमाणावर निर्माण करतात. परिणामी हाडे ठिसूळ होतात, रक्तक्षय होतो, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पाठदुखी व थकवा ही लक्षणे वाढत्या वयाची समजून दुर्लक्षिली जातात आणि निदानास विलंब होतो. हा रोग बहुसंख्य रुग्णांत पूर्णपणे बरा होत नाही. मात्र योग्य उपचारांनी तो वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो. साहजिकच औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते.

औषधाचा पूर्वेतिहास :

लेनॅलिडोमाइड हे थॅलिडोमाइड या औषधाच्या रेणूत बदल करून तयार करण्यात आले. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून बाजारात आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. त्यानंतर हातापायांची वाढ खुंटलेली बालके जन्माला येऊ लागली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले, तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालकांना बाधा झाल्याचा अंदाज आहे. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेशा पुराव्याअभावी परवानगी रोखून धरल्यामुळे तेथे ही हानी फारच मर्यादित राहिली.

१९६४ मध्ये जेरुसलेम येथील डॉ. जेकब शेस्किन यांना कुष्ठरोगातील वेदनादायक गाठींच्या प्रतिक्रियेवर हेच औषध गुणकारी असल्याचे आढळले. पुढे अमेरिकेतील आर्कान्सा येथे डॉ. सीमा सिंघल, डॉ. बार्ट बार्लोगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमाच्या ८४ रुग्णांना ते दिले. अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्याचा लाभ झाला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. थॅलिडोमाइडमुळे येणारी सुस्ती, बद्धकोष्ठता व हातापायांतील नसांची इजा कमी व्हावी आणि परिणामकारकता वाढावी, या दिशेने झालेल्या संशोधनातून लेनॅलिडोमाइड पुढे आले. अमेरिकेत मायलोमासाठी त्यास २००६ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१९ मध्ये, तर भारताच्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झाले.

औषधाचे कार्य :

थॅलिडोमाइड शरीरात नेमके काय करते, हे त्याच्या शोधानंतर अर्धशतक गूढच होते. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते हे दाखवून दिले. पेशीतील नको असलेल्या प्रथिनांवर खूण करून ती नष्ट करण्यासाठी पाठविणारी एक यंत्रणा असते. सेरेब्लॉन हा त्या यंत्रणेचा घटक आहे. लेनॅलिडोमाइड त्यास चिकटले की इकारोस व आयोलोस या प्रथिनांवर अशी खूण होते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. मायलोमाच्या पेशी या दोन प्रथिनांवर अवलंबून असल्याने त्यांच्या नाशाबरोबर त्या पेशीही मरतात. २०१८ मधील संशोधनानुसार, याच यंत्रणेतून एसएएलएल-४ हे भ्रूणाच्या अवयवांच्या घडणीस आवश्यक असलेले प्रथिनही नष्ट होते. म्हणजेच या औषधाचा गुण आणि त्याचा सर्वांत भीषण दोष एकाच यंत्रणेतून उद्भवतात. त्यामुळे धोका टाळण्याचा मार्ग औषधाच्या काटेकोर वापरातूनच जातो.

सेवनपद्धती :

प्रचलित पद्धतीनुसार लेनॅलिडोमाइड २१ दिवस रोज एकदा घेऊन पुढील ७ दिवस बंद ठेवले जाते. असे २८ दिवसांचे एक चक्र असते. सुरुवातीची नेहमीची मात्रा २५ मिलिग्रॅम असते. कॅप्सूल रोज ठरावीक वेळी, पाण्याबरोबर, न फोडता व न चावता गिळावयाची असते. एखादी मात्रा विसरली आणि नेहमीची वेळ उलटून १२ तास झाले नसतील, तर ती घेता येते. अधिक काळ लोटल्यास ती सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा घेऊ नये. सात दिवसांच्या विश्रांतीत अस्थिमज्जेला सावरण्यास अवधी मिळतो. ‘औषध थांबले तर रोग वाढेल’ या भीतीने त्या दिवसांतही कॅप्सूल घेणे घातक ठरू शकते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज खूण करणे हा त्यावरील साधा उपाय होय.

या औषधासोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड बहुधा आठवड्यातून एकदा दिले जाते. ते सकाळी, काही खाऊन घ्यावे. अन्यथा झोप उडते व पित्ताचा त्रास होतो. त्याने रक्तातील साखरही वाढते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. व्हिन्सेंट राजकुमार व सहकाऱ्यांचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. लेनॅलिडोमाइडबरोबर डेक्सामेथासोनची मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ८७ टक्के, तर कमी मात्रा घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के रुग्ण एक वर्षानंतर हयात होते. अधिक औषध म्हणजे अधिक गुण, ही समजूत येथे खोटी ठरली.

लेनॅलिडोमाइड मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर पडते आणि मायलोमात मूत्रपिंडेच दुबळी होतात. म्हणून मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेनुसार मात्रा कमी करावी लागते. हाडे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊन औषध शरीरात साचू शकते.

प्रमुख दुष्परिणाम :

१) रक्तपेशींची घट : संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांची संख्या कमी होते. त्यामुळे पहिल्या दोन चक्रांत दर आठवड्याला रक्ततपासणी केली जाते. न्यूट्रोफिल एक घन मिलिमीटरमागे १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्यास औषध तात्पुरते थांबविले जाते. १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास रात्र काढण्याची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. परस्पर पॅरासिटामॉल घेतल्याने ताप उतरतो. संसर्ग मात्र वाढतच राहतो.

२) रक्ताची गुठळी : डेक्सामेथासोनबरोबर घेताना पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. प्रतिबंधासाठी रुग्णाच्या जोखमीनुसार ॲस्पिरिन किंवा हेपारिनसारखे औषध दिले जाते. एकाच पायाला सूज व वेदना, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे ही तातडीची लक्षणे आहेत.

३) पचनाच्या तक्रारी : बद्धकोष्ठता किंवा अतिसार होतो. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांतील अतिसार पुष्कळदा पित्ताम्लांचे शोषण नीट न झाल्याने होतो. त्यावर आहारातील स्निग्धांश कमी करणे व विशिष्ट औषध देणे हे उपाय उपलब्ध आहेत.

४) इतर तक्रारी : अंगावर पुरळ, थकवा, स्नायूंत पेटके येणे व थायरॉइडच्या कार्यातील बिघाड आढळतो. पुरळाबरोबर तोंडात फोड आल्यास किंवा चेहरा सुजल्यास औषध बंद करून त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

५) दुसरा कर्करोग : स्वतःच्या मूलपेशींच्या प्रत्यारोपणानंतर रोग आटोक्यात ठेवण्यासाठी हे औषध कमी मात्रेत दीर्घकाळ दिले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात रोग न वाढता गेलेला मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत ५२.८ महिने, तर न घेणाऱ्यांत २३.५ महिने आढळला. त्याच वेळी दुसरा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक होते. लाभाचे पारडे जड असले तरी ही बाब रुग्णास आधी सांगणे आवश्यक आहे.

गर्भाच्या सुरक्षिततेविषयी दक्षता :

गर्भधारणा संभवणाऱ्या स्त्रीने औषधाच्या आधी चार आठवडे, उपचार चालू असताना व नंतर चार आठवडे प्रभावी गर्भनिरोधन करणे आणि नियमित गर्भचाचणी करणे अनिवार्य आहे. औषध वीर्यातही उतरत असल्याने पुरुष रुग्णांनी निरोध वापरावा. उपचारकाळात व त्यानंतर चार आठवडे रक्तदान करू नये, कारण ते रक्त गर्भवतीस दिले जाऊ शकते. रुग्ण सत्तरीचा असला तरी घर सुरक्षित आहे असे मानता येत नाही. एकत्र कुटुंबात आजोबांचे औषध बहुधा सूनच काढून देते. ती गर्भवती असल्यास फुटलेल्या कॅप्सूलला तिचा स्पर्श होता कामा नये. उरलेल्या कॅप्सूल दुसऱ्या रुग्णास देऊ नयेत.

समारोप :

थॅलिडोमाइडची शोकांतिका पुरेशी चाचणी न घेतल्याने व इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाल्याने घडली. त्याच रेणूच्या वारशातून आलेले लेनॅलिडोमाइड आज असंख्य रुग्णांना आयुष्याची वर्षे मिळवून देत आहे. हा पालट मोठ्या अंशी शिस्तीमुळे शक्य झाला. ती शिस्त अखेर रुग्णाच्या घरात पाळली जाते. दुष्परिणाम सांगितला तर डॉक्टर औषध बंद करतील, या भीतीने अनेक रुग्ण त्रास लपवितात. वस्तुतः मात्रा कमी करणे, काही दिवस विश्रांती देणे किंवा दुसरे औषध निवडणे असे अनेक मार्ग डॉक्टरांपाशी असतात. लपविलेल्या त्रासावर मात्र कोणताच मार्ग उरत नाही. म्हणून औषधाच्या डबीबरोबर एक वही, एक तापमापक आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या घरी असणे अगत्याचे आहे.