चढावर तापणारा गिअरबॉक्स

गेल्या जून महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हरहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पिकअपचा गिअरबॉक्स तापतोय. गॅरेजवाला म्हणतो अख्खा बदला, काही हजार डॉलर लागतील. तुम्ही वर्गात उष्णतेचा जमाखर्च मांडायला लावायचात. तसा इथे मांडता येईल का?"

मी मोटार मेकॅनिक नाही. पण कोणतीही वस्तू तापत राहते याची कारणे दोनच. एक तर तिच्यात नेहमीपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते, नाही तर निर्माण झालेली उष्णता बाहेर पडत नाही. यांपैकी कोणते कारण हे ठरवल्याशिवाय गिअरबॉक्स बदलणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहताच औषध देणे.

आधी गाडीविषयी. अमेरिकेतील पिकअप म्हणजे पुढे केबिन व मागे उघडा हौदा असलेली दणकट गाडी. सुट्टीत तिच्या मागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून कुटुंबे डोंगरात जातात. या विद्यार्थ्याची गाडी अडीच टनांची, ट्रेलर तीन टनांचा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथून पश्चिमेला जाणारा महामार्ग शंभरेक किलोमीटरच्या आत ३४०० मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो. काही भागांत चढ सहा-सात टक्क्यांचा आहे. सपाटीवर ट्रेलरशिवाय गिअरबॉक्सचे तेल ८५ अंश सेल्सिअस असे, ते या चढावर १२४ अंशांवर गेले.

या गाड्यांचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असतो. पायाने दाबायचा क्लच नसतो. त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. तत्त्व समजायला दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की दुसरा, बटण बंद असूनही, वाऱ्याने फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असते. इंजिनाने फिरणारी पाती तेल फेकतात आणि त्या झोताने गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. हा फरक म्हणजे घसरण, आणि घसरणीत हरवलेली ऊर्जा तेलात उष्णतेच्या रूपाने उरते. आपल्याकडे घाटात अर्धा क्लच दाबून ट्रक धरून ठेवला की जळका वास येतो. घसरणीचाच हा प्रकार, फक्त तेथे तेलाऐवजी क्लचप्लेट तापते.

ही घसरण टाळण्यासाठी कन्व्हर्टरच्या आत एक छोटा क्लच बसवलेला असतो. वेग स्थिर झाला की तो दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडतो. याला कन्व्हर्टर 'लॉक' होणे म्हणतात. चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला की हे लॉक बहुधा सुटते.

आता जमेची बाजू मांडू. एकूण वस्तुमान ५५०० किलो, चढ सहा टक्के, वेग ताशी ६० किलोमीटर. म्हणजे गाडी दर सेकंदाला एक मीटर उंच जाते. त्यासाठी ५५०० × ९.८ × १, म्हणजे सुमारे ५४ किलोवॅट शक्ती लागते. हवेचा रोध आणि चाकांचे घर्षण यांचे अंदाजे वीस धरले तर ७४ झाले. लॉक सुटलेला कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षमतेने चालतो असे मानू. मग इंजिनाला ८७ किलोवॅट द्यावे लागतील आणि त्यातले तेरा तेलात उष्णता म्हणून जातील. आंघोळीचे पाणी तापवण्याच्या दीड किलोवॅटच्या आठ-नऊ कांड्या दहा लिटर तेलात सोडल्यासारखेच हे. निव्वळ तेलच तापले असते तर मिनिटाभरात पन्नास अंश चढले असते. भोवतालचे धातूही तापतात, म्हणून प्रत्यक्षात काही मिनिटे लागतात. हीच गाडी लॉक लागलेल्या स्थितीत चढली तर गिअर व पंप यांच्या घर्षणाचे फार तर तीन-चार किलोवॅट उरतात.

खर्चाची बाजू कूलरची. गरम तेल नळीने गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीदार कूलरमध्ये जाते आणि थंड होऊन परत येते. बाहेर जाणारी उष्णता = तेलाचा प्रवाह × विशिष्ट उष्मा × तापमानातील घट. मिनिटाला सहा लिटर प्रवाह आणि वीस अंश घट धरली तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास उत्तर येते. लॉक असताना हा ताळेबंद जुळतो. लॉक सुटल्यावर तेरा किलोवॅट बाहेर टाकायला घट पाऊणशे अंशांची हवी, आणि ती होणे नाही. म्हणजे उत्तम कूलरसुद्धा सततच्या घसरणीपुढे हरणार. त्यातच बोगद्यापाशी हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ, त्यामुळे कूलरला वारा कमी मिळतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला ऑक्सिजनही कमी मिळतो, मग चालक पाय आणखी दाबतो आणि लॉक सुटते!

मी त्याला दोन गोष्टी पाहायला सांगितल्या. पहिली, चढावर वेग कायम असताना इंजिनाचे फेरे स्थिर राहतात का? लॉक असेल तर त्याच गिअरमध्ये वेग आणि फेरे यांचे गुणोत्तर बदलत नाही. त्याने बायकोला शेजारी बसवून आकडे टिपायला लावले. वरच्या गिअरमध्ये वेग तोच, पण पाय जरा दाबताच फेरे तीन-चारशेने वाढत. घसरण पकडली गेली.

दुसरी, कूलरच्या नळ्यांचे तापमान. चढ चढून गाडी तापल्यावर सपाट जागी थांबवून, इंजिन चालू ठेवून, अवरक्त तापमापीने आत जाणारी व बाहेर येणारी नळी मोजायची. पंख्यापासून हात दूर ठेवून, हे सांगायला नकोच. चकचकीत धातूवर ही तापमापी कमी तापमान दाखवते, कारण असा पृष्ठभाग प्रारण कमी करतो. म्हणून नळीवर काळी चिकटपट्टी लावायची. (वर्गात स्टीलच्या भांड्यात गरम पाणी घेऊन हा प्रयोग जरूर करावा.) बाहेरची नळी अगदीच थंड आणि गिअरबॉक्स मात्र तापलेला, असे आढळले तर तेलाचा प्रवाह अडला आहे. नळी चेपली असेल किंवा तेल कूलरकडे वळवणारी झडप अडकली असेल. दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच गरम असतील तर तेल फिरते आहे, पण हवा लागत नाही.

त्याची मोजणी आली ११२ आणि १०७ अंश.

कूलरच्या जाळीत पांढरा कापूस बसला होता. कोलोरॅडोत नदीनाल्यांच्या काठी कॉटनवुडची झाडे असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे बी कापसासह उडते, आपल्या शेवरीसारखे. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने जाळी धुतल्यावर फरक पाच अंशांवरून अठरा अंशांवर गेला.

गॅरेजवाल्याचे म्हणणे केव्हा खरे ठरले असते, हेही पाहायला हवे. तेल काळे पडले असते, त्याला जळका वास असता, तळाच्या भांड्यात क्लचचा चुरा सापडला असता, तर धुऊन भागले नसते. शिवाय कूलर तसाच ठेवून नवा गिअरबॉक्स बसवला असता तर महिन्याभरात तोही असाच तापला असता. त्याचे तेल अजून लालसर होते. तरीही मी ते बदलायला सांगितले. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा आपण शिकवतो. त्या हिशेबाने १२४ अंशांवरचा एक तास ८५ अंशांवरच्या पंधरा तासांइतके तेल झिजवतो.

राहिली घसरण. त्यासाठी त्याने गाडीतले ओढकामाचे बटण दाबले, म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये राहते व लॉक टिकते. इंजिन मोठ्याने ओरडू लागते आणि नवख्या माणसाला वाटते, आपण गाडीवर अत्याचार करतो आहोत. प्रत्यक्षात इंजिनाबरोबर तेलाचा पंपही जोरात फिरतो आणि गिअरबॉक्स थंड राहतो. ऑगस्टमध्ये तोच ट्रेलर घेऊन तो पुन्हा बोगद्यापर्यंत गेला. काटा १०१ अंशांवर थांबला. बायकोने मात्र आवाजाची तक्रार केली.